ताइको : जुन्या ढोलाची नवी शाळा

दिवाळीच्या दिवसांत अंधारातून उजेड कसा आला, याच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. जपानी लोकांपाशीही अशी एक कथा आहे. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'कोजिकी' या त्यांच्या आद्य ग्रंथात ती आली आहे. सूर्यदेवी अमातेरासू आपल्या दांडगट भावाच्या वागण्याला विटून एका गुहेत जाऊन बसली आणि तिने दाराची शिळा लावून घेतली. सगळीकडे काळोख दाटला. देवांनी कोंबडे आरवून पाहिले, आरसा घडवला, मंत्र म्हटले. मग अमे-नो-उझुमे नावाच्या एका देवीने लाकडी पिंप पालथे घातले आणि त्यावर चढून, पाय आपटत ती असा काही नाच करू लागली की सगळे देव खदखदा हसले. आपण नसताना बाहेर एवढा आनंद कसला चालला आहे, हे पाहण्यासाठी सूर्यदेवीने शिळा किंचित सरकवली. दाराआड टपून बसलेल्या एका बलदंड देवाने तेवढ्यात तिचा हात धरला व तिला बाहेर ओढले. जगाला उजेड परत मिळाला, तो पालथ्या पिंपावरच्या ठेक्यामुळे.

जपानी ढोलवादक आपल्या कलेचे मूळ या कथेत पाहतात. ढोलाला त्यांच्याकडे 'ताइको' म्हणतात. आज ताइकोचा कार्यक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्र उभे राहते : रंगमंचावर लहानमोठे दहाबारा ढोल, डोक्याला फडकी बांधलेले वादक, एकाच क्षणी वर जाणारे त्यांचे हात, आणि छातीत घुमणारा आवाज. पाहणाऱ्याला वाटते, हे हजारो वर्षे असेच चालत आले असावे. वस्तुस्थिती मात्र गमतीची आहे. ढोल खरोखरच फार जुना आहे. पण हे दहाबाराजणांचे एकत्र वादन १९५१ पूर्वी कोणी ऐकले नव्हते. आपल्यापैकी कित्येकांच्या आजीआजोबांपेक्षा ही 'परंपरा' वयाने लहान आहे! एवढ्या थोड्या काळात ती जगभर पसरली, याचे बरेचसे श्रेय ती शिकवण्याच्या नव्या रीतीला द्यावे लागते. या लेखात तीच हकीकत सांगायची आहे.

आधी जुन्या ढोलाची थोडी ओळख करून घेऊ. गुन्मा प्रांतात सहाव्या शतकातील एक मातीची मूर्ती सापडली आहे. ती ढोल वाजवणाऱ्या माणसाची आहे. पुढे सातव्या-आठव्या शतकांत चीन आणि कोरियातून दरबारी संगीत जपानात आले व त्याबरोबर नाना प्रकारची चर्मवाद्ये आली. या देवघेवीत भारताचाही एक धागा आहे. इ. स. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानात पोचला. त्याच्याबरोबर चंपा देशाचा, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्यावरील राज्याचा, एक भिक्षू होता. नारा येथील महाबुद्धाच्या प्रचंड मूर्तीचे नेत्रोन्मीलन इ. स. ७५२ मध्ये झाले, तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांत रंग भरण्याचा मान या बोधिसेनाला मिळाला. चंपाच्या त्या भिक्षूने काही नृत्ये व वादने जपानी दरबाराला शिकवली, असे परंपरा सांगते. त्यांतील एकाचे नाव 'कार्योबिन'. हे नाव म्हणजे आपल्या संस्कृतातला 'कलविंक' पक्षीच. बाराशे वर्षांच्या प्रवासात त्याचे रूप तेवढे पालटले.

दरबाराबाहेर ढोलाला शेकडो कामे होती. नो नाट्यात तो नटाच्या पावलांना साथ देई. काबुकी नाटकात पडद्यामागे बसलेला वादक कापड गुंडाळलेल्या काठीने मोठ्या ढोलावर हळुवार ठोके देई आणि प्रेक्षक समजत, की बर्फ पडू लागले. कुस्तीच्या आखाड्याबाहेर मचाणावरचा ढोल सामन्यांची दवंडी पिटी. खेड्यांत पाऊस यावा म्हणून ढोल वाजत, भातावरची कीड पळवून लावण्यासाठी वाजत, आणि उन्हाळ्यात पितरांच्या 'बोन' सणाला गावकरी फेर धरून नाचत तेव्हाही वाजत. गडगडाटाचा देव राइजिन तर आपल्याभोवती ढोलांचे कडेच बाळगतो. क्योतोच्या सांजूसान्गेन्दो मंदिरात त्याची मूर्ती आजही पाहायला मिळते.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. ढोल एकतर एकटा वाजे, नाहीतर बासरी, गाणे, नाच किंवा नाटक यांच्या साथीला असे. आणि तो शिकण्याची वाट अरुंद होती. नो-काबुकीचे वादन घराण्यांच्या हाती. गावचा ठेका गावातल्या ठरावीक घरांकडे, आणि बहुधा पुरुषांकडेच. कित्येक ठिकाणी बायकांना ढोलाला हात लावण्याचीही मनाई होती. गुरू समजावून सांगत नसे. शिष्याने पाहावे, ऐकावे आणि विद्या 'चोरावी', अशी तिथली जुनी म्हण आहे. चोरी पकडली गेली नाही, तर शिष्य तयार झाला असे समजावे!

वाजवण्याच्या या अधिकारामागे आणखी एक जुनी गोष्ट दडलेली होती. उत्तम ताइकोचे खोड 'केयाकी' नावाच्या झाडाचे असते. एकाच बुंध्याचा ओंडका आतून पोखरून काढायचा, तो वर्षानुवर्षे सावलीत वाळू द्यायचा, मग दोन्ही तोंडांना गायीबैलांचे कातडे दोरांनी ताणून बसवायचे. कातडे पुरेसे ताणावे म्हणून कारागीर ढोलावर उभे राहून ते पायांनी तुडवतात. शेवटी कडेने लोखंडी खिळे ठोकले की ढोल तयार. देवळात सगळ्यांत मानाच्या जागी ठेवला जाणारा हा ढोल ज्यांच्या हातून घडे, त्या चर्मकारांना मात्र समाज अपवित्र मानी. मेलेल्या जनावराशी आणि कातड्याशी संबंध म्हणून त्यांच्या वस्त्या वेगळ्या, त्यांच्याशी लग्नव्यवहार नाही. १८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून हा भेद कायद्यातून काढून टाकला. मनातून तो निघाला नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. या माणसांची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

आता १९५१ कडे वळू. दुसऱ्या महायुद्धात हरलेला जपान राखेतून उठत होता. नागानो प्रांतातील सुवा सरोवराच्या परिसरात ओगुची दाइहाची नावाचा एक तरुण राहत होता. त्याचा जन्म १९२४ चा. युद्धात तो सैनिक म्हणून चीनमध्ये गेला, तिथे कैदेत पडला आणि सुटून १९४७ मध्ये घरी परतला. त्याचा नाद होता अमेरिकन जॅझचा. जॅझमध्ये तो ड्रम वाजवीत असे. सुवाच्या देवस्थानात पूर्वी वाजवल्या जाणाऱ्या ढोलाचा जुना लेखी आराखडा त्याच्यापुढे आला आणि हे वाजवून दाखव, असे त्याला सांगण्यात आले. ओगुचीला त्यातले एक अक्षर लागेना. जुन्या खुणा जाणणारा माणूस त्याने शोधून काढला, त्याच्याकडून अर्थ लावून घेतला, आणि वाजवून पाहिल्यावर त्याच्या मनात एक साधा प्रश्न आला. जॅझमध्ये एकट्या वादकापुढे चारपाच आकारांचे ढोल असतात. मग इथे एकच ढोल एकट्याने का वाजवायचा?

त्याने लहानमोठे ढोल गोळा केले आणि प्रत्येकाला काम वाटून दिले. दोरीने कसलेला, चढ्या आवाजाचा छोटा 'शिमे-दाइको' मूळ ठेका धरून ठेवील. पिंपाच्या आकाराचा, मधल्या उंचीचा 'नागादो' मुख्य बोल वाजवील. आणि सगळ्यांत मोठा 'ओ-दाइको' खालून भक्कम पाया देईल. जॅझमधला एक माणूस हातापायांनी जे करतो, ते इथे अनेक माणसांनी मिळून करायचे. या पद्धतीला नाव पडले 'कुमि-दाइको', म्हणजे मेळ्याचा ढोल. ओगुचीच्या 'ओसुवा दाइको' या मेळ्यापासून ताइकोचे नवे युग सुरू झाले. परंपरेचा कागद वाचता न आलेला माणूस परंपरेला नवे आयुष्य देऊन गेला, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा. ओगुची २००८ मध्ये वारला, तोपर्यंत त्याच्या कल्पनेने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती.

ही कल्पना त्याच काळात का रुजली? कारण गावेच्या गावे ओस पडत होती. तरुण कारखान्यांच्या कामाला शहरांत जात होते, आणि सणाचा ढोल उचलायला माणसे मिळत नव्हती. शहरात आलेल्या तरुणाला मात्र गाव आठवत होते. तोक्योत बोन सणाच्या नाचासाठी ढोल वाजवणाऱ्या हौशी तरुणांनी १९५९ मध्ये 'सुकेरोकु' नावाचा मेळा काढला. त्यांनी ढोल तिरप्या घडवंचीवर ठेवला, वादनात डौलदार हातवारे आणले आणि हे काम पोटापाण्याचा व्यवसाय म्हणूनही करता येते, हे दाखवले. १९६४ मध्ये तोक्योला ऑलिंपिक सामने भरले, त्यानिमित्त झालेल्या कलामहोत्सवात ओसुवा दाइको वाजला. १९७५ मध्ये लोककलांना कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे १९८८-८९ मध्ये सरकारने प्रत्येक नगराला आणि गावाला दहा कोटी येन दिले आणि आपल्या गावासाठी हवे ते करा म्हणून सांगितले. कित्येक गावांनी त्या पैशांतून ढोल घेतले आणि मेळे उभे केले. अशा रीतीने जिथे पूर्वी ढोलाची परंपराच नव्हती, तिथेही ती नव्याने 'जुनी' झाली.

याच सुमारास जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या सादो बेटावर निराळाच प्रयोग चालू होता. सादो हे पूर्वी हद्दपारीचे बेट. १२२१ मध्ये सम्राट जुन्तोकु, १२७१ मध्ये निचिरेन हा बंडखोर बौद्ध आचार्य आणि १४३४ मध्ये नो नाट्याचा थोर आचार्य झेआमी यांना याच बेटावर धाडण्यात आले होते. यांतील निचिरेनाचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. त्याचे अनुयायी मूठ असलेल्या पंख्यासारखा एक चपटा ढोल हातात धरून, तो वाजवीत मंत्रघोष करतात. या पंथातले भिक्षू निचिदात्सु फुजी १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजींच्या आश्रमातील प्रार्थनेत पुढे या जपानी मंत्राला स्थान मिळाले. वरळीचे जपानी मंदिर फुजी गुरुजींच्याच प्रयत्नांतून १९५० च्या दशकात उभे राहिले. तिथल्या ढोलाचा आवाज ज्या मुंबईकरांनी ऐकला असेल, त्यांना ताइको अगदीच परका नाही.

सादोवर १९६९ मध्ये देन तागायासु या माणसाने तरुणांना गोळा करून 'ओन्देकोझा' हा मेळा स्थापला. 'ओन्देको' म्हणजे राक्षसाचा ढोल. सादोच्याच एका लोकनृत्याचे ते नाव. तागायासुची शिस्त विलक्षण होती. सर्वांनी एकत्र राहायचे, रोज मैलोगणती धावायचे आणि मग ढोलाला हात लावायचा. धावणे आणि वाजवणे ही दोन वेगळी कामे नव्हेतच, असे त्याचे म्हणणे. १९७५ मध्ये हे वादक अमेरिकेत बॉस्टनची मॅरेथॉन शर्यत धावले आणि शर्यत संपवून तसेच घामाघूम ढोलांपाशी जाऊन वाजवू लागले! पुढच्याच वर्षी इशी माकी या संगीतकाराने त्यांच्या ढोलांसाठी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी 'मोनोप्रिझम' ही रचना केली आणि ती ओझावा सेइजी याने सादर केली. पण एवढी कडक राजवट फार काळ टिकणारी नव्हती. वादकांचे आणि तागायासुचे बिनसले. मागे राहिलेल्यांनी १९८१ मध्ये 'कोदो' नावाने नवा मेळा काढला व त्याचा पहिला प्रयोग बर्लिनला केला. 'कोदो' या शब्दाचे दोन अर्थ होतात : हृदयाचा ठोका, आणि ढोलाची लेकरे.

कोदोने शिष्य तयार करण्याची जी शाळा चालवली आहे, ती आपल्या गुरुकुलाची आठवण करून देते. दोन वर्षे सादोवरच्या जुन्या शाळेच्या इमारतीत राहायचे. पहाटे उठून धावायचे, झाडलोट करायची, भात लावायचा, स्वयंपाक करायचा, आणि ढोलाच्या काठ्यासुद्धा आपल्या आपण तासायच्या. त्यातून निवडलेले थोडे पुढे उमेदवार म्हणून मेळ्यात येतात. यातून जे वादक घडतात ते अव्वल असतात, यात शंका नाही. पण दोन वर्षे घरदार सोडून बेटावर कोण जाणार? दुकान सांभाळणारा, मुले वाढवणारी, शाळेत जाणारा, निवृत्त झालेला, अशा साध्या माणसांनी ढोल शिकायचा कुठे? या प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रमाणावर समुद्रापलीकडे, अमेरिकेत सापडले.

१९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकन अध्यक्षांच्या एका हुकुमाने पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक घरांतून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. सुटून आल्यावर पुष्कळ आईबापांनी मुलांना जपानी भाषा शिकवली नाही, की छावणीची गोष्टही सांगितली नाही. गप्प राहावे, नजरेत भरू नये, हेच बरे, असे त्यांना वाटे. त्यांची मुले-नातवंडे १९६० च्या दशकात कॉलेजात गेली. कृष्णवर्णीयांचा लढा त्यांनी पाहिला, आणि आम्ही कोण, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. त्यांच्या हाती जो ढोल लागला, तो या मौनावरचा उतारा ठरला.

जपानातून आलेल्या तानाका सेइइची याने १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकेतील पहिली ताइको शाळा काढली. तो ओगुचीकडे शिकलेला होता, आणि त्याची शिस्त जपानी आखाड्याची होती. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या सेन्शिन बौद्ध मंदिरात मात्र वेगळेच घडले. सण आटोपल्यावर काही मंडळी मंदिरातला ढोल वाजवू लागली आणि हाताला फोड येऊन रक्त निघेपर्यंत वाजवीतच राहिली. शिकवायला गुरू नव्हता, शिकायला पुस्तक नव्हते. या मेळ्याने नाव घेतले 'किन्नारा', म्हणजे आपल्या पुराणांतले गाणारे-वाजवणारे किन्नर. केयाकीचा ढोल जपानातून मागवायचा तर किंमत अवाच्या सवा. तेव्हा त्यांनी वाइन मुरवण्याची जुनी ओकची पिंपे आणली, त्यांना कातडी घातली, आणि ती ताणायला मोटार उचलण्याचे जॅक लावले. पालथ्या पिंपावर नाचणाऱ्या उझुमे देवीला हे पाहून खचित आनंद झाला असता! पिंपाच्या ढोलाने एक मोठे काम केले. ढोल स्वतः करता येतो हे कळल्यावर तो कोणीही शिकू शकतो, हेही कळले.

१९७३ मध्ये सॅन होजे येथील मेळा निघाला. तिथे रचना सगळ्यांनी मिळून करायची, निर्णय चर्चेने घ्यायचे, अशी रीत पडली. स्त्रिया पहिल्यापासून बरोबरीने होत्या. आज अमेरिकेत ताइको शिकणाऱ्यांत स्त्रियाच संख्येने अधिक आहेत. १९८८ मध्ये अमेरिकन सरकारने छावण्यांबद्दल कायद्याने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊ केले. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसला उत्तर अमेरिकेतील ताइको वादकांची पहिली परिषद भरली. तिथे भाषणांबरोबर कार्यशाळाही झाल्या. एकजण काठी धरण्याची रीत शिकवी, दुसरा ढोल बांधण्याची, तिसरी नवी रचना करण्याची. जी विद्या पूर्वी चोरावी लागे, ती अशी उघड्यावर मांडून बसलेली होती.

ही कार्यशाळा चालते कशी, हे थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. तिचे दोन भाग असतात : हात तयार करणे आणि मन मोकळे करणे. पहिल्या भागात नवशिक्याला लगेच ढोल देत नाहीत. आधी उभे राहायला शिकवतात. डावा पाय पुढे, उजवा मागे लांब, गुडघा वाकलेला, कंबर खाली, पाठ ताठ. या ठेवणीला 'काता' म्हणतात. काठी वर नेताना खांदा आवळायचा नाही. ठोका मनगटाने मारायचा नसून जमिनीतून, कमरेतून, दंडातून येऊ द्यायचा. पुष्कळ ठिकाणी सराव चालतो तो मोटारीच्या जुन्या टायरांवर! टायरवर चिकटपट्टीचे थर गुंडाळले की काठी छान उसळते, खर्च नाही आणि शेजारीही भांडायला येत नाहीत.

मग येतात बोल. तबला शिकलेल्या आपल्याकडच्या मुलाला हे चटकन उमजेल, कारण जपानी ढोलही आधी तोंडाने शिकतात. या पद्धतीचे नाव 'कुचि-शोगा', म्हणजे तोंडचे गाणे. मधोमध मारलेला भरघोस ठोका म्हणजे 'दोन'. मराठी कानाला गंमत वाटेल, पण हा 'दोन' एकच असतो! त्याच वेळात दोन जलद ठोके मारले की 'दोको'. कडेच्या लाकडावर मारले की 'का', आणि जलद दोन मारले की 'कारा'. हलक्या ठोक्याला 'त्सु', आणि जिथे काहीच वाजवायचे नाही, त्या जागेला 'सु'. न वाजवण्यालाही नाव आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेला जपानी लोक 'मा' म्हणतात आणि ती जागा सांभाळणे हीच वादनातली अवघड विद्या समजतात. नवशिका नेमका तिथेच चुकतो. हात रिकामा राहिला की त्याला धीर धरवत नाही व तो पुढे धावतो. दहाजण एकदम थांबतात आणि अकरावा वाजवून मोकळा होतो, तेव्हा त्याला 'मा' म्हणजे काय ते न सांगता समजते.

मूळ ठेक्याला 'जि' म्हणतात. तो एकाने सतत धरून ठेवायचा. अगदी सावकाश सुरू करून हळूहळू गती वाढवत झड लावण्याला 'ओरोशि' म्हणतात. एवढी सामग्री हाती आली की दुसरा भाग सुरू होतो. शिक्षक म्हणतो, आता तुमचा बोल तुम्ही करा. सगळे मिळून 'जि' वाजवीत राहतात, आणि एकेकाने आठ मात्रांत आपल्या मनाचे काहीतरी वाजवायचे. पहिल्या फेरीत माणसे लाजतात, हसतात, शिकवलेलेच पुन्हा वाजवतात. दुसऱ्या फेरीत कोणी तरी दोन ठोके गाळून पाहतो, कोणी कडेवर 'कारा' घालतो. पुढे त्यांतलेच बोल निवडून, एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, अशी जोडणी करत छोटीशी रचना उभी राहते. सकाळी उभे कसे राहावे हे न कळणारी माणसे संध्याकाळी स्वतः केलेले काही तरी वाजवून घरी जातात.

कोणी म्हणेल, हे नव्या लोकांचे खूळ आहे. परंपरेत असले काही नव्हते. पण तसे नाही. तोक्योच्या दक्षिणेला भर समुद्रात हाचिजो नावाचे बेट आहे. तेही सादोसारखे हद्दपारांचे. तिथली जुनी पद्धत अशी, की एका ढोलाच्या दोन तोंडांशी दोन माणसे उभी राहतात. एकजण खालचा ठेका अखंड वाजवतो. दुसरा त्यावर आपल्या मनात येईल ते वाजवतो, आणि वाजवणारे पाळीपाळीने बदलत जातात. तिथे बायकाही वाजवतात. कार्यशाळेतली रीत आणि हाचिजोची रीत यांत सांधा जुळवायला फारसे सायास पडत नाहीत.

तरीही या नव्या शाळेवर घेतला जाणारा एक आक्षेप खरा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. चिचिबु या गावी डिसेंबरात रात्रीची मोठी जत्रा भरते. तिथल्या ढोलाचा ठेका कोदोने जगभर नेला. रंगमंचावर वादक जमिनीवर बसून, मागे रेलून, पोटाच्या स्नायूंच्या जोरावर तो वाजवतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. पण चिचिबुला वादक कोणाला दिसतच नाहीत! ते उंच रथाच्या पोटात, दाटीवाटीच्या जागेत बसलेले असतात आणि त्यांच्या तालावर गावकरी रथ ओढतात. ठेका तिथे रथासाठी आहे, गावासाठी आहे. तो उचलून परदेशातल्या एका सभागृहात दोन तासांत शिकवला, तर ठोके येतील. रथ कुठून येणार? म्हणूनच चांगला शिक्षक कार्यशाळेत ठेक्याबरोबर त्या गावचे नाव सांगतो, तिथली गोष्ट सांगतो, आणि जमल्यास एकदा तिथे जाऊन या म्हणतो. ज्याने हे सांगितले नाही, त्याने अर्धाच ठेका दिला.

आणि आता राहिली ती ढोल करणाऱ्यांची गोष्ट. ओसाका शहराच्या नानिवा भागात पिढ्यानुपिढ्या चर्मकारांची वस्ती आहे. त्यांच्या हातचे ढोल देशभरच्या देवळांत गेले. पण ढोल घडवणारे वेगळे आणि वाजवणारे वेगळे, ही रेघ कोणी पुसली नव्हती. १९८७ मध्ये तिथल्या तरुणांनी ती पुसली. जो ढोल आपली माणसे घडवतात, तो आपण का वाजवू नये, असे म्हणून त्यांनी मेळा काढला आणि त्याचे नाव ठेवले 'इकारि'. या शब्दाचा अर्थ राग, संताप. ते गावोगाव वाजवतात, आणि वाजवून झाल्यावर ढोलाचे कातडे कोणी कमावले, त्या माणसांना काय सोसावे लागले, हेही लोकांना सांगतात. ढोलाच्या पंधराशे वर्षांच्या इतिहासात कारागिराने आपल्याच ढोलावर आपले नाव असे वाजवून सांगितल्याचे उदाहरण विरळा.

२००२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत प्रत्येक मुलाला एखादे तरी देशी वाद्य हाताळायला मिळावे, असा नियम झाला, आणि कित्येक शाळांनी त्यासाठी ढोल निवडला. सादोवर कोदोने २००७ पासून एक केंद्र चालवले आहे. तिथे आलेल्या कोणाही प्रवाशाच्या हातात काठ्या देतात आणि एका ओंडक्यातून कोरलेल्या मोठ्या ढोलापुढे उभे करतात. त्यात आजी असते, नातू असतो, परदेशी पाहुणा असतो. घराणे कोणते, जात कोणती, आधी शिकलात का, हे कोणी विचारत नाही. आधी उभे राहायला शिकवतात, मग 'दोन' म्हणायला, आणि मग सांगतात, की आता तुमचे काय ते वाजवा. नातू पहिला ठोका देतो, दचकतो आणि आजीकडे पाहून हसतो. मग आजीची पाळी येते.